ठळक, तिरपे, अधोरेखित : तीन कळांचा इतिहास

पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो, की प्रत्येक नक्कल ही एक नवी आवृत्ती असते. नकलकाराच्या हातून शब्द गळतात, ओळी मागेपुढे होतात, समासातली टीप मजकुरात शिरते. परंतु पाठभेदांची ही चर्चा बहुधा शब्दांपाशीच थांबते. एखादा शब्द लेखकाने ठळक केला होता का, एखादी ओळ तिरपी होती का, कवितेतली ओळ नेमकी कुठे मोडली होती, हे प्रश्न आपण ‘मांडणी’ या सदराखाली ढकलतो आणि मुद्रकाच्या हवाली करून मोकळे होतो. आता मुद्रक आपणच झालो आहोत. शोधनिबंध वर्डमध्ये लिहायचा, मार्गदर्शकांना तो लिब्रेऑफिसमध्ये उघडणार, विद्यापीठाला पीडीएफ द्यायची, नियतकालिकाला साधा मजकूर पाठवायचा आणि महाजालावर टाकायचा तर एचटीएमएल, अशा चार-पाच स्थित्यंतरांतून आज प्रत्येक लेखन जाते. या प्रवासात शब्द बहुधा टिकतात. जे गळते ते कंट्रोल-बी, कंट्रोल-आय आणि कंट्रोल-यू या तीन कळजोड्यांनी त्यावर चढवलेले असते. ते का गळते, याचे उत्तर या कळांच्या इतिहासात आहे. आमच्या मते हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी समजून घ्यावा इतका आपल्या कामाचा आहे.

अधोरेखन हे मुळात रूप नव्हतेच, ती सूचना होती. पाश्चात्त्य मुद्रणव्यवहारात हस्तलिखितातील शब्दाखाली एक रेघ म्हणजे ‘हा शब्द इटॅलिक जुळवा’, दोन रेघा म्हणजे ‘लहान आकाराची कॅपिटल अक्षरे वापरा’, तीन रेघा म्हणजे ‘पूर्ण कॅपिटल’ आणि नागमोडी रेघ म्हणजे ‘ठळक’ असा संकेत होता. छापील पानावर ती रेघ दिसणे अपेक्षितच नव्हते. जुळाऱ्याने ती वाचावी, पाळावी आणि विसरून जावी. टंकलेखन यंत्रावर इटॅलिक अक्षरे नव्हती, म्हणून टंकलेखक गाडी मागे सरकवून शब्दाखाली रेघ ओढी. सूचनेची रेघ हीच तिथे अंतिम रूप बनली. ज्याला आज आपण ‘अंडरलाइन’ म्हणतो, ती अशी एक पदच्युत सूचना आहे.

इटॅलिकचा जन्मही जोर देण्यासाठी झालेला नाही. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १५०१ साली व्हर्जिलचे जे छोटेखानी पुस्तक काढले, ते संपूर्ण इटॅलिक ठशात होते. फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेला तो ठसा त्या काळच्या विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावर बेतलेला होता. सरळ ठशाच्या मध्ये इटॅलिक शब्द पेरून त्याला जोर, परभाषा, ग्रंथनाम असे अर्थ देण्याची रीत नंतर रुळली. आपल्याकडे पोथ्यांमध्ये हेच काम रंगाने केले. अध्यायसमाप्ती, श्लोकांक, ‘उवाच’ अशा जागा हिंगुळाने किंवा गेरूने लाल करीत, आणि चुकलेले अक्षर हरताळ फासून पुसत. देवनागरीला तिरप्या अक्षरांची स्वतःची अशी परंपरा नाही. मुद्रणात ती आली ती इंग्रजी पानाच्या अनुकरणाने. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

संगणकाच्या कळफलकावरील कंट्रोल ही कळ टेलिप्रिंटरच्या जगातून आली. १९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या आस्की संकेतप्रणालीत पहिल्या बत्तीस जागा अक्षरांसाठी नव्हे, तर यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी राखल्या होत्या. कंट्रोल दाबून एखादे अक्षर दाबले की त्या अक्षराच्या क्रमांकाची आज्ञा जाई. ‘आय’ हे नववे अक्षर, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे नवव्या क्रमांकाची टॅब. ‘एम’ तेरावे, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे ओळ संपवून गाडी परत आणणे. ‘जी’ सातवे, म्हणून घंटा वाजवणे. मजकूर-टर्मिनलांवर आजही कंट्रोल-आय आणि टॅब यांच्यात हा एकोपा आढळतो. म्हणजे ही कळ ‘इटॅलिक’शी जोडली जाण्यापूर्वी ती दुसऱ्याच एका भाषेत बोलत होती.

सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने रॉब बार्नबी यांनी लिहिलेला वर्डस्टार बाजारात आणला. त्यात ठळकपणासाठी कंट्रोल-पी आणि मग बी दाबावे लागे, अधोरेखनासाठी कंट्रोल-पी आणि एस. मजकुरात शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक नियंत्रणखूण बसे. ही जुळाऱ्याला दिलेली सूचनाच होती, फक्त जुळारी आता छपाईयंत्र होते. याच वर्डस्टारने दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीतला एक प्रसिद्ध घोटाळाही जन्माला घातला. आस्कीला सात बिटे पुरत असल्याने आठवे बिट मोकळे असे. वर्डस्टार ओळींची जुळणी सोयीची व्हावी म्हणून प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचे आठवे बिट स्वतःसाठी वापरी. ती फाईल दुसऱ्या कार्यक्रमात उघडली, की प्रत्येक शब्दाचे अंत्याक्षर एखाद्या चमत्कारिक चिन्हात बदललेले दिसे. मांडणीची माहिती अक्षराच्या पोटात लपवली तर स्थलांतरात अक्षरच बळी जाते, हा धडा इथे पहिल्यांदा मिळाला. मराठीला तो पुढे पुन्हा, आणि फार महागात, शिकावा लागला.

वर्डपरफेक्टने याच्या उलट वाट धरली. तिथे एफ-६ दाबले की ठळक, एफ-८ दाबले की अधोरेखित; पण ऑल्ट-एफ-३ दाबले की पडद्याच्या खालच्या भागात मजकुरातल्या सगळ्या खुणा उघड्या पडत. कुठे ठळकपणा सुरू झाला आणि कुठे संपला, हे लेखकाला डोळ्यांनी पाहता येई. पाठचिकित्सकाच्या दृष्टीने पाहता ही समासासह छापलेली चिकित्सक आवृत्तीच म्हटली पाहिजे.

आजच्या कळांची घडण मात्र कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात झाली. तिथल्या आल्टो या संगणकासाठी १९७४ साली बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि सहकाऱ्यांनी ब्राव्हो हा लेखनकार्यक्रम तयार केला. पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही कल्पना त्यात प्रत्यक्षात आली. त्यात अक्षरांचे रूप बदलण्याच्या आज्ञेचे नावच ‘लुक’ होते, आणि त्या एका शब्दात पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे बीज आहे. जुळाऱ्याला दिलेली सूचना जाऊन तिच्या जागी रूप आले. ब्राव्होला आणखी एक खोड होती. आज्ञा देण्याची आणि मजकूर लिहिण्याची अशा दोन वेगळ्या अवस्था त्यात होत्या. आज्ञेच्या अवस्थेत असताना कोणी नकळत ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर ‘ई’मुळे सगळा दस्तऐवज निवडला जाई, ‘डी’मुळे तो पुसला जाई, ‘आय’मुळे लेखन सुरू होई आणि उरे एकटा ‘टी’. संपादन करू पाहणाऱ्याच्या हाती एकच अक्षर उरावे, हा योगायोग कोणत्याही समीक्षकाला मोहात पाडील असाच आहे.

ही अवस्थांची अडचण दूर करण्याचे श्रेय लॅरी टेस्लर यांना जाते. त्यांनी आणि टिमोथी मॉट यांनी १९७५च्या सुमारास जिप्सी हा कार्यक्रम रचला, तो जिन अँड कंपनी या झेरॉक्सच्या मालकीच्या पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. आधी मजकूर निवडायचा आणि मग त्यावर क्रिया करायची, कापायचे आणि चिकटवायचे, ही आज जगभर रुळलेली पद्धत संपादकांच्या कात्री-गोंदाकडे पाहून ठरली. टेस्लर १९८० साली ॲपलमध्ये गेले आणि सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये. १९८३ची लिसा, त्याच वर्षीचा वर्ड आणि १९८४चा मॅकिंटॉश यांतून ही पद्धत जगात पसरली, आणि ‘बोल्ड’, ‘इटॅलिक’, ‘अंडरलाइन’ यांची आद्याक्षरे बोटांच्या सवयीची झाली.

अर्थात ही आद्याक्षरे इंग्रजीची. स्पॅनिश वर्डमध्ये ठळकपणासाठी ‘नेग्रिता’चा कंट्रोल-एन, तिरपेपणासाठी ‘कुर्सिवा’तील कंट्रोल-के आणि अधोरेखनासाठी ‘सुब्रायादो’चा कंट्रोल-एस आहे. इंग्रजी सवयीने जतन करायला कंट्रोल-एस दाबणाऱ्याचा मजकूर तिथे अधोरेखित होतो. फ्रेंचमध्ये ‘ग्रा’चा कंट्रोल-जी. मराठीत ‘ठळक’चा ‘ठ’ किंवा ‘तिरपे’चा ‘त’ कोणाला मिळाला नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘बी’च्या कळीवर ‘व’ आहे आणि ‘आय’च्या कळीवर ‘ग’. आपण मराठी लिहितो, पण आज्ञा इंग्रजीतच देतो. सवयीमुळे हे खटकत नाही. तरी आपल्या लेखनातला जोर एका परभाषेच्या आद्याक्षराने चढतो, ही नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

याच काळात एक दुसरा प्रवाहही वाहत होता. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात झालेल्या एका बैठकीत मजकुराचा आशय आणि त्याचे रूप वेगळे ठेवावे असा विचार मांडला. १९६९मध्ये आयबीएममधील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी त्या दिशेने जीएमएल ही खुणांची भाषा रचली. तिच्या नावात तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. या विचारात ‘हे तिरपे कर’ असे सांगायचे नसते. ‘हे ग्रंथनाम आहे’, ‘हे अवतरण आहे’, ‘इथे जोर आहे’ असे सांगायचे असते. रूप काय द्यायचे ते छापणारा पाहील. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकमध्ये जोर दाखवण्याची आज्ञा सरळ मजकुरात शब्द तिरपा करते आणि तिरप्या मजकुरात सरळ करते, कारण तिथे जोर म्हणजे सभोवतालापासून वेगळेपण. महाजालाच्या एचटीएमएल भाषेत हे दोन्ही प्रवाह शेजारी नांदले. ‘आय’ ही रूपाची खूण आणि ‘ईएम’ ही जोराची खूण, दोन्हींचे दर्शन सारखेच तिरपे. २०१४ साली प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत तर ‘आय’लाही अर्थ देण्यात आला, तो म्हणजे वेगळा स्वर, परभाषेतील शब्द, परिभाषा. कळ दाबणाऱ्याला यांतले काय अभिप्रेत होते, ते मात्र कळफलकाला ठाऊक नसते.

निर्यातीचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. प्रत्येक फॉरमॅट कळ दाबण्याचा आपापला अर्थ लावतो. मायक्रोसॉफ्टने १९८७ साली देवाणघेवाणीसाठी आरटीएफ काढला. त्यात ठळकपणाची ‘बी’ आणि तिरपेपणाची ‘आय’ साध्या अक्षरांत मजकुराशेजारी लिहिलेली असते. जॉन वॉर्नॉक यांच्या कल्पनेतून १९९३ साली ॲडोबीने आणलेल्या पीडीएफमध्ये मुळात पानाचे चित्र असते : अमुक ठशातले अमुक चिन्ह अमुक जागी. ठळकपणा तिथे दुसऱ्या नावाचा ठसा म्हणून येतो, आणि ठळक ठसा उपलब्ध नसेल तर अक्षराची कड जाड करूनही येतो. पानावर जोर दिसतो, पण ‘इथे जोर आहे’ असे कुठेही लिहिलेले नसते. देवनागरीची अडचण आणखी वेगळी. ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर असते आणि चित्रात आधी. रफार साठवणीत आधी असतो आणि चित्रात नंतर. म्हणून पीडीएफमधून मराठी उतारा उचलला की जोर तर जातोच, शिवाय वेलांट्याही पुष्कळदा जागा सोडतात.

२००६ साली ओडीएफ आणि २००८ साली ओओएक्सएमएल, म्हणजे वर्डच्या डॉकएक्समागील रचना, हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. या दोन्हींत एक अशी तरतूद आहे जी मराठी लेखकाने अवश्य जाणून घ्यावी. लॅटिन लिपीसाठी ठळकपणाची एक खूण आणि देवनागरी, अरबी यांसारख्या ‘जटिल’ लिप्यांसाठी दुसरी, अशी ही विभागणी आहे. वर्डमध्ये कंट्रोल-बी दाबले की दोन्ही खुणा बसतात. पण एखाद्या रूपांतर-कार्यक्रमाने केवळ पहिलीच खूण लिहिली, तर इंग्रजी शब्द ठळक उरतात आणि मराठी शब्द साधे होतात. एकाच वाक्यातील परभाषेला जोर राहावा आणि स्वभाषेचा जावा, हा अनुभव आपल्याला संगणक देतो तो या विभागणीमुळे.

देवनागरीच्या या कथेत एक विस्मृत प्रकरण आहे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या इस्की या संकेतप्रणालीत ‘एटीआर’ नावाची एक खूण होती. तिच्यानंतर येणाऱ्या संकेताने लिपी बदलता येई, देवनागरीतून बंगालीत किंवा तमिळमध्ये जाता येई. आणि त्याच खुणेने ठळक, तिरपे, अधोरेखित हेही सांगता येई. म्हणजे लिपी आणि जोर हे दोन्ही भारतीय मानकाने मजकुराच्या आतले गुणधर्म मानले होते. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीचा क्रम १९८८च्या इस्कीवरून घेतला, परंतु ही खूण घेतली नाही. साध्या मजकुरात केवळ अक्षरे असावीत, रूप बाहेर राहावे, हे युनिकोडचे तत्त्व. लिपी तिथे प्रत्येक अक्षराच्या संकेतातच सामावली. जोर मात्र बेघर झाला. गणितासाठी म्हणून २००१ साली ठळक आणि तिरप्या लॅटिन अक्षरांना स्वतंत्र जागा मिळाल्या. देवनागरीला तशा जागा नाहीत, आणि असू नयेत असेच आम्हांला वाटते.

याहून मोठी किंमत युनिकोडपूर्व फॉन्टांच्या काळाने वसूल केली. त्या काळच्या बहुसंख्य मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाईलमध्ये साठवलेली असत ती लॅटिन अक्षरे आणि चिन्हे. त्यांना मराठी बनवी ते फक्त फॉन्टचे नाव. नीट विचार केला तर याचा अर्थ असा, की त्या दस्तऐवजांत मराठीपण हीच एक मांडणी होती. ठळकपणा जसा निर्यातीत गळतो, तशी तिथे भाषाच गळे. साध्या मजकुरात जतन केले की उरे ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. रूपांतर-कार्यक्रमांनी अशी पुष्कळ लेखने वाचवली हे खरे; पण केवळ मजकूर पाहणाऱ्या रूपांतरकाला कोणता भाग मराठी फॉन्टमधला आणि कोणता खरोखरच इंग्रजी, हे कळत नाही. मग संदर्भसूचीतील इंग्रजी ग्रंथनामांचीही ‘मराठी’ होऊन बसते. वर्डस्टारच्या आठव्या बिटाचा धडा तो हाच.

तिरप्या ठशाचा प्रश्नही असाच अर्धवट राहिला आहे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घराघरांत पोचला. त्याचा स्वतंत्र तिरपा ठसा नाही. तिरप्या देवनागरीची परंपराच नसताना तो नसणे स्वाभाविक आहे. आपण कंट्रोल-आय दाबतो तेव्हा संगणक सरळ अक्षरेच यांत्रिकपणे कलती करतो. दुसऱ्या कार्यक्रमात तो कल येईल किंवा न येईल. ग्रंथनामे तिरप्या ठशात देण्याची इंग्रजी शिस्त मराठी प्रबंधांवर लादण्याआधी, एकेरी अवतरणचिन्हांची आपली जुनी रीत निर्यातीत अधिक टिकाऊ आहे, याचा विचार व्हावा. अवतरणचिन्ह हे अक्षरांबरोबर साठवले जाते. ते कोणत्याही फॉरमॅटमध्ये शाबूत राहते.

कवितेच्या बाबतीत सर्वांत जोखमीची कळ मात्र एंटर ही आहे. एंटर म्हणजे नवा परिच्छेद आणि शिफ्ट-एंटर म्हणजे त्याच परिच्छेदात नवी ओळ. जुळाऱ्याच्या लेखी हा फरक किरकोळ असेल, कवीच्या लेखी तो ओळ आणि कडवे यांच्यातला फरक आहे. आरटीएफ, डॉकएक्स, ओडीएफ, एचटीएमएल या सर्वांत दोन्हींसाठी वेगळ्या खुणा आहेत. साध्या मजकुरात मात्र सहसा एकच ओळबदल उरतो. आणि जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणलेल्या मार्कडाउनमध्ये तर एकेरी ओळबदल जोडून टाकला जातो. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडल्याशिवाय ओळ मोडत नाही. मुक्तछंदातील कविता अशा वाटेने गेली की दुसऱ्या टोकाला गद्य बनून बाहेर पडते. छंदोबद्ध रचना निदान यमकावरून परत जोडता येते. ज्या कवितेचा छंदच ओळ मोडण्यात आहे, तिला सावरायला पुरावाच उरत नाही.

आशय आणि रूप यांची फारकत करणाऱ्या विचाराशी आमचा एक मतभेद आहे, तो इथे नोंदवतो. सरकारी अहवाल किंवा पाठ्यपुस्तक यांच्याबाबत ती फारकत उपकारक आहे. साहित्यात मात्र रूप हेच कित्येकदा आशय असते. लघुनियतकालिकांच्या पिढीने पानावरील कोऱ्या जागेला बोलते केले. त्या जागेला ‘हा जोर आहे’ किंवा ‘हे शीर्षक आहे’ असे नाव देता येत नाही. तेव्हा सर्व रूपांचे अर्थात भाषांतर करता येईल, हा भ्रम बाळगू नये. पण ज्यांचे करता येते, त्यांचे तरी करावे.

ते करण्याचे साधन कळफलकावरच आहे. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१ आणि लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-१ दाबले की ओळ ‘पहिल्या पातळीचे शीर्षक’ होते. हीच ओळ निवडून ठळक आणि मोठी केली तर डोळ्यांना फरक दिसत नाही. निर्यात केल्यावर मात्र तो स्पष्ट होतो. शीर्षक म्हणून नोंदलेली ओळ एचटीएमएलमध्ये शीर्षक राहते, पीडीएफमध्ये योग्य पर्याय निवडल्यास तिची अनुक्रमणिका होते. केवळ ठळक केलेली ओळ जाड अक्षरांची ओळ एवढीच उरते. पडदावाचकाच्या मदतीने ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ठळकपणा सहसा ऐकू येत नाही, शीर्षक मात्र ऐकू येते. आपला प्रबंध त्याच्यापर्यंत कितपत पोचला, हे आपण कोणती कळ दाबली यावर ठरते.

अवतरणांबाबत ही जबाबदारी आणखी वाढते. दुसऱ्याच्या वाक्यातला एखादा शब्द आपण ठळक करतो तेव्हा ‘ठळकपणा आमचा’ असे कंसात लिहिण्याची विद्वत्तेची जुनी रीत आहे. ती आता दुहेरी कारणाने पाळावी लागेल. मूळ जोर कोणाचा हे तर त्यातून कळतेच. शिवाय तो जोर उद्या फाईलमधून गळाला, तर इथे काहीतरी होते याची साक्ष शब्दांत शिल्लक राहते. पोथीतला हिंगुळ फिका पडला तरी ‘उवाच’ हा शब्द वाचता येत असे, आणि कोण बोलते आहे हे वाचकाला कळत असे.